साठीची सहल

माझ्या आईनं लंडन पाहिलं नाही. हीथ्रो पाहिलं नाही, माझं पिनरचं घर पाहिलं नाही, आणि ज्या स्वयंपाकघरात मी तिच्यासारखी आमटी जमवायचा जन्मभर प्रयत्न केला, ते स्वयंपाकघरही पाहिलं नाही. नातेवाईक म्हणतात, "राहून गेलं हो." राहून जायला ती काय दोरीवर विसरलेला टॉवेल होती? राहून काही जात नाही. कुणीतरी अडवतं, कुणीतरी गप्प बसतं, आणि मग सगळे मिळून त्याला राहून गेलं म्हणतात. कुणी अडवलं ते सांगायचं तर मला एका कोरियन ट्रॅव्हल कंपनीची हकिकत सांगावी लागेल. तिचं नाव घेणार नाही. अजून चालते म्हणे. चालो बापडी.

ऐंशीच्या दशकात नवऱ्याला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही आलो. मुलगी झाली. तिला सांभाळायला सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि कायमच्या राहिल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला घर खायला उठलं, म्हणून मी नोकरी शोधली. बेकर स्ट्रीटजवळ एका दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. सोलमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीची लंडन शाखा. शाखा म्हणजे एक कोरियन मॅनेजर, एक टेलिफोन आणि एक किटली. मॅनेजरचं इंग्रजी हॉटेलवाल्यांना कळत नसे आणि हॉटेलवाल्यांचं मॅनेजरला. मध्ये एक बाई हवी होती, ती मी झाले.

पहिल्याच दिवशी त्यानं मला वय विचारलं. मग नवरा काय करतो, पगार किती, मूल एकच का, वडील आहेत का. एखादी इंग्रज बाई पर्स उचलून चालती झाली असती. मी मिरजेत वाढलेली. आमच्या आळीत नवीन सुनेला याहून जास्त विचारत. मला उलट बरं वाटलं. मी त्याच्याहून वर्षानं मोठी निघाले, तेव्हापासून तो मला मॅडम म्हणायला लागला आणि प्रत्येक कागद दोन्ही हातांनी द्यायला लागला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "अहो, हे लोक अगदी आपल्यासारखे आहेत." या गोष्टीचा मला आनंद झाला होता, हे आज आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

सुरुवातीला काम फारसं नव्हतं. कुणी कारखानदार यायचा, कुणी जहाजाच्या कंपनीचा माणूस यायचा, त्याला हॉटेल आणि गाडी द्यायची. मग सोलचं ऑलिंपिक होऊन गेलं आणि तिथल्या सरकारनं दारं उघडली. तोवर तिकडच्या साध्या माणसाला नुसतं फिरायला परदेशी जाणं जवळजवळ अशक्य होतं. दारं उघडली आणि सगळा देश बॅग भरून बाहेर पडला. सकाळी ऑफिस उघडायच्या आत फॅक्स मशीननं जमिनीवर कागदाची वळकटी टाकलेली असे. दोन खोल्यांचं ऑफिस चार खोल्यांचं झालं, मग दाताच्या डॉक्टरचा मजलाही आमच्याकडे आला. सोलहून तरुण मुलं कामाला आली, गाइड आले. सोलचं हेड ऑफिस तर म्हणे अख्ख्या इमारतीत गेलं. मॅनेजरच्या टेबलामागे कंपनीचं ब्रीदवाक्य लागलं. त्यानं मला त्याचा अर्थ सांगितला, आपण सगळे एका घरचे.

या भरभराटीचा त्रास कुणाला? मला. तिकडे कंपन्यांची चढाओढ लागली होती. शेजारची कंपनी एका सहलीत आठ देश म्हणाली की आमची नऊ म्हणे, तेही कमी पैशात. मग लंडनच्या वाट्याला एक दिवस यायचा. सकाळी राजवाड्याचा पहारा बघायचा, म्युझियममधून धावत जायचं, पुलावर फोटो काढायचा आणि उरलेल्या वेळात रेनकोटच्या दुकानात माणसं नेऊन ओतायची, कारण दुकानदार कमिशन देई. लंडनमधली हॉटेलं परवडेनात म्हणून माणसं क्रॉयडनला उतरवायची. क्रॉयडनच्या ऑफिसांच्या उंच इमारती खिडकीतून बघून ती बिचारी गाइडला विचारत, लंडन कुठाय? कोचचा ड्रायव्हर मला शिव्या द्यायचा, हॉटेलवाली मला सुनवायची, सोलहून तक्रारीचा फॅक्स माझ्याच नावानं यायचा. मी प्रत्येकाशी भांडले आणि प्रत्येकाकडून काम करून घेतलं. फोनवर माझा आवाज ऐकला की खोल्या मिळत, हे मॅनेजरला पक्कं ठाऊक होतं.

या ग्रुपांमध्ये एक प्रकार असायचा, आई-वडिलांचा. तिकडे साठीला मोठा मान. मुलं एकत्र येऊन आई-वडिलांना युरोपला पाठवत. एकसारख्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं हीथ्रोवर एकमेकांचा हात धरून रांगेत उभी राहत. काही बायकांचे हात आयुष्यभर शेतात राबलेले दिसायचे. गाइड म्हणायचा, यांना विचारा लंडन कसं वाटलं, तर या सांगतील, मुलानं पाठवलं. मी कधीमधी विमानतळावर त्यांना घ्यायला जाई आणि परतताना ट्रेनमध्ये मला आईची फार आठवण येई. मी शेकड्यांनी लोकांच्या आया लंडनला आणत होते, आणि माझी मिरजेत बसली होती.

ती का आली नव्हती? पैसे होते. जागा होती. पण आईचा एक नियम होता, लेकीच्या घरी लेकीचं खायचं नाही. वडील गेल्यावर तो अधिकच कडक झाला. आम्ही मुंबईत हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा ती यायची ती पिशवीतून तांदूळ आणि तूरडाळ घेऊन. चार दिवस राहायची, आणि गेल्यावर माझ्या उशीखाली पैसे सापडायचे. मी चिडायचे, रडायचे. ती म्हणायची, "जावयाच्या दारात मी मिंधी होणार नाही." आता लंडनला तांदळाची पिशवी घेऊन कशी येणार? तिकीट कुणी काढलं तरी ते जावयाचंच. तिच्याकडे पेन्शन होती ती बालवाडीच्या बाईची. दर तीन-चार वर्षांनी मीच मिरजेला जायचे. प्रत्येक वेळी निघताना म्हणायचे, "या खेपेला तू ये." ती म्हणायची, "बघू."

मग एके दिवशी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला तो दोन्ही हातांत फॅक्स घेऊन आणि तोंडभर हसत. कंपनीनं नवीन योजना काढली होती. जुन्या कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांना, साठी झालेल्यांना, कंपनी युरोपच्या सहलीला पाठवणार. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, जेवण कंपनीचं. लंडनमधले स्थानिक लोकही त्यात धरायला हेड ऑफिसनं परवानगी दिली होती, त्यासाठी तो स्वतः भांडला होता. "मॅडम, युअर मदर, हाऊ ओल्ड?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी साठ पूर्ण. त्यानं टाळी वाजवली. "देन शी कम्स!"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आपल्याकडे साठीशांत करतात ती पुरुषाची. बायको शेजारी बसते आणि दर्भानं त्याच्या हाताला स्पर्श करते. विधवेची साठी कोण करतं? तिला तर हळदीकुंकवालासुद्धा बोलावत नसत. आणि इथे सात समुद्रापलीकडची एक कंपनी तिची साठी करणार होती!

त्या शनिवारी मी मिरजेला शेजारच्यांच्या फोनवर फोन लावला. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग चौकशी सुरू केली. तिकीट खरंच ऑफिसचं? जावईबापूंचा एक पैसा नाही? उतरायचं कुठे? मी म्हटलं, क्रॉयडनला, हॉटेलात, ग्रुपबरोबर. जेवण? तेही ग्रुपबरोबर. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडे फक्त चहाला यायचं. चहाला हरकत नाही."

नऊ देश बघायला मिळणार होते, आणि बाई हिशेब करत होती तो लेकीच्या घरच्या चहाचा. पण ती हो म्हणाली. पहिल्यांदाच "बघू" म्हणाली नाही. तिनं पासपोर्ट काढला. त्या फोटोत ती पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. शिंप्याकडून गरम कापडाचे दोन ब्लाउज शिवून घेतले. पायमोजे घालून चपलेत चालायची सवय करायला लागली, असं शेजारच्या काकूंनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. माझ्या मुलीसाठी तिनं स्वेटर विणायला घेतला आणि माप कळवायला सांगितलं. मी पिनरच्या घराच्या मागच्या खोलीला रंग काढला. ती तिथे राहणार नव्हती हे माहीत असूनही काढला.

सगळं ठरल्यावर मॅनेजरनं मला जेवायला नेलं. त्यांच्यात वाईट बातमी पोटात काही गेल्याशिवाय सांगत नाहीत. त्यानं माझ्यासाठी बिनमांसाचं काहीतरी मागवलं, माझ्या पेल्यात दोन्ही हातांनी पाणी ओतलं आणि मग खाली बघत बोलायला लागला. सोलहून उत्तर आलं होतं. योजना कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांसाठी आहे. लग्न झालेल्या बाईचे आई-वडील म्हणजे तिच्या नवऱ्याचे आई-वडील. लग्न झालं की मुलगी माहेरची राहत नाही, परक्या घरची होते. तुमची आई बसत नाही. सासूबाई बसतात.

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "पण माझ्या सासूबाई लंडनमध्येच राहतात. त्यांना लंडन काय दाखवणार?"

तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. फ्रॉम क्रॉयडन दे टेक हर."

मी त्याला विचारलं, पुरुष कर्मचाऱ्याची आई चालते ना? चालते. मग नोकरी कोण करतं, मी की माझ्या सासूबाई? रात्रंदिवस हॉटेलवाल्यांच्या शिव्या कोण खातं? आजूबाजूची माणसं आमच्याकडे बघायला लागली. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, इन इंडिया, डिफरंट?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो खरंच विचारत होता. माझ्या आईला ज्या नियमानं माझ्या घरी घास गिळता येत नव्हता, तोच नियम सोलमधल्या कुणीतरी टाईप करून पाठवला होता. मी जेवण टाकून उठले, आणि बेकर स्ट्रीटपासून पिनरपर्यंत ट्रेनमध्ये उभ्यानं आले, बसायला जागा असूनही.

घरी सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, नवरा टेबलाशी, सासूबाई मटार सोलत होत्या. नवरा म्हणाला, "वाईट झालं गं. पण आईला युरोप बघायचंच होतं." मी सासूबाईंकडे बघत उभी राहिले. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. त्या म्हणाल्या, "मी काही मागितलं नव्हतं. पण देतायत तर नाही कशाला म्हणा? तिकडे थंडी कितपत असेल?"

मिरजेला फोन करायची मला लाज वाटत होती. तरी केला. म्हटलं, "आई, खड्ड्यात गेली कंपनी. मी तिकीट पाठवते. माझ्या पगाराचं. तू सरळ घरी ये." आई म्हणाली, "छे, तसं कसं?" मी ओरडले. तेव्हा ती मला समजावायला लागली. "अगं, त्यांचं काही चुकलं नाही. पहिला मान सासूचाच. परदेशातली माणसं असून रीत पाळतात बघ."

मी फोन आदळला. जिच्यासाठी जगाशी भांडत होते तीच त्यांच्या बाजूला जाऊन बसली! माझ्या बाजूला उभं राहायला एक माणूस उरलं नाही, सोलमध्ये नाही, पिनरमध्ये नाही आणि मिरजेतही नाही.

सासूबाई गेल्या. त्यांच्या फ्रान्सच्या, स्वित्झर्लंडच्या, इटलीच्या व्हिसासाठी रांगेत कोण उभं राहिलं? मीच, ऑफिसची सुट्टी टाकून. दशम्या, मेतकूट आणि दाण्याची चटणी कुणी बांधून दिली? मीच. क्रॉयडनच्या हॉटेलच्या दारात मी त्यांना कोचमध्ये बसवलं. कोरियन म्हाताऱ्यांच्या घोळक्यात त्या नऊवारीवर कोट आणि डोक्यावर ती ग्रुपची टोपी घालून बसल्या होत्या, आणि मला टाटा करत होत्या. परत आल्या त्या मजेत. कुणाचा शब्द कळत नव्हता, तरी सगळ्या बायका त्यांना धरून चालवत होत्या. त्यांच्या भाताबरोबरचा समुद्राच्या पाल्याचा काळा पापड यांना इतका आवडला की पाकीट घेऊन आल्या. मंडळाच्या गणपतीत चारचौघींत सांगत होत्या, "सुनेच्या ऑफिसनं पाठवलं हो मला. नशीब लागतं." चांगल्या मनानं सांगत होत्या. मी प्रसादाची ताटं भरत होते. एक ताट उचलून भिंतीवर मारावं असं वाटलं. पण इतक्या लोकांत कुणी तसं करत नाही. मीही केलं नाही.

मी नोकरी तेव्हाच का सोडली नाही, असं मैत्रिणी विचारतात. का सोडू? काम माझं होतं. त्या ऑफिसची घडी मी बसवली होती. रागावून आपलंच पान कोण वाढायचं थांबवतं? मी राहिले आणि अजून चार-पाच वर्षं त्यांची भरभराट ओढली. फक्त विमानतळावर आई-वडिलांच्या ग्रुपला घ्यायला जाणं बंद केलं.

मग सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात कोरियाचा पैसा कोसळला. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. सोलमध्ये बँका बुडत होत्या, लोक सहली रद्द करत होते, आणि आधी निघालेले ग्रुप युरोपभर वाटेत होते. त्यातला आमचा एक एडिंबरोहून खाली येताना कॉव्हेंट्रीला मुक्कामाला आला. आई-वडिलांचाच ग्रुप. हॉटेलनं खोल्यांच्या किल्ल्या द्यायला नकार दिला, कारण सोलहून पैसे आलेले नव्हते. गाइडनं रडत फोन केला. म्हातारी माणसं लॉबीत आपापल्या बॅगांवर बसली होती, टोप्यांसकट, आणि कुणी काही विचारतही नव्हतं. विचारायचं नसतं असं वाटत असावं त्यांना. मुलांनी पाठवलेलं!

त्या हॉटेलातली बुकिंगवाली बाई मी जन्मात पाहिली नव्हती, पण वर्षानुवर्षं फोनवर भांडून आमची मैत्री झाली होती. मी तिला म्हटलं, त्यांना खोल्या दे, सूप दे, बाकीचं माझ्यावर. ती म्हणाली, "युअर वर्ड, लव्ह? नॉट देअर्स?" मी म्हटलं, "माझा." तिनं दिल्या. तिच्या साहेबाची बोलणी तिनं खाल्ली असणार, मला कधी सांगितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. बिचारा आठवडाभर झोपलेला दिसत नव्हता. सोलहून निरोप होता. संकट आहे, अर्ध्या पगारात राहा, रजा घेऊ नका, आपण सगळे एका घरचे. तरुण मुलांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. म्हटलं, "मी कुठल्या घरची?"

त्यानं हातातला निरोपाचा कागद खाली ठेवला.

"तुमच्याच नियमानं सांगते," मी म्हटलं. "लग्न झालेली बाई परक्या घरची. माझ्या आईच्या वेळेला मी परक्याची होते. आता खोल्या मिळवायच्या तर मी घरची झाले का? घरची माणसं सोलला आहेत. त्यांना सांगा कॉव्हेंट्रीला फोन करायला."

त्यानं सगळ्यांना बाहेर पाठवलं. दार लावलं आणि माझ्यासमोर वाकला, वयानं लहान असलेला मोठ्यासमोर वाकतो तसा. म्हणाला, मॅडम, तुम्ही राहा, मी सोलशी बोलतो, तुमच्या आईला या वेळी नक्की आणतो. आता ते नाही म्हणणार नाहीत.

त्यानं हे बोलायला नको होतं. एवढी वर्षं माझी आई नियमात बसत नव्हती, आणि आता यांच्या बुडाला आग लागली तेव्हा बसायला लागली! मी त्याला मराठीत काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. त्याला शब्द कळले नसले तरी अर्थ कळला. त्या म्हाताऱ्यांचं विमान सुटेपर्यंत मी फोनपाशी बसले, कारण त्यांचा काही दोष नव्हता. ते गेल्याचं कळलं, आणि मी पर्स उचलून निघाले. वर्षभरात ती शाखा बंद झाली असं नंतर कळलं.

घरी आल्यावर सगळं बोलले. सुरुवातीपासून, जे कधीच नीट बोलले नव्हते ते. आईचा तांदूळ, उशीखालचे पैसे, हॉटेलात राहायचं आणि घरी फक्त चहाला यायचं, सगळं. मुलगी टेबलावर होमवर्क करत होती. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगंबाई. म्हणजे त्यांना यायचं होतं? मला वाटलं त्यांना थंडी सोसत नाही. मी बोलावलं असतं की. विहिणीनं बोलावल्यावर त्या लेकीकडे आल्या असं थोडंच होतं? माझ्या पाहुण्या म्हणून आल्या असत्या."

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आईलाही होतं. त्या दिवशी त्या मटार सोलत होत्या तेव्हा मी याच वाक्याची वाट बघत उभी होते. पण सुनेनं सासूला सांगायचं नसतं की माझ्या आईला मानानं बोलवा. मान मागून घेतला की त्याची भीक होते. ज्यांनी द्यायचा त्यांना तो सुचायला हवा. आणि यांना ते वाक्य सुचलं चार-पाच वर्षांनी, मी नोकरी सोडल्यावर, संध्याकाळच्या चहाबरोबर!

सासूबाई मनानं वाईट नाहीत. त्या लगेच उठल्या, "लाव फोन," म्हणाल्या. एव्हाना आईकडे स्वतःचा फोन आला होता. मी लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. सासूबाईंनी अगदी रीतसर विचारलं, "विहीणबाई, कधी येताय आमच्याकडे? या बघू आता. महिनाभर तरी राहायला या."

पलीकडे आई हसली. म्हणाली, "आता कशाला हो विहीणबाई? आता मला मंडईपर्यंत जायला रिक्षा लागते. गुडघे पार गेले. डॉक्टर म्हणतात जिनासुद्धा चढू नका, विमानात कुठली बसते? तेव्हा तुम्ही एक शब्द टाकला असतात ना, तर दूध गॅसवर ठेवून निघाले असते."

तिच्या बोलण्यात जरासुद्धा राग नव्हता. मग तिनं सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. दोघी तेलाबद्दल बोलल्या, कुठलं गरम करून लावायचं आणि कुठलं नाही. फोन ठेवून सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बघ," म्हणाल्या, "नाहीच म्हणाल्या त्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्राची घडी घालत होता. घडीची पुन्हा घडी घालत होता.

तेवढ्यात मुलीनं वहीतून मान वर काढली. चौदा वर्षांची होती, तिचं मराठी इकडचं. "ममा," ती म्हणाली, "मला तर ऑलवेज वाटायचा की मिरजची आजीला आपण आवडत नाही. दॅट्स व्हाय ती कधी आला नाही."

एवढी वर्षं माझं मूल हे मनात धरून वाढलं होतं, आणि आम्हा चौघा मोठ्या शहाण्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले. तिला म्हटलं, "नीट ऐक. उद्या तुझं घर होईल. तिथे मला कुणी बोलावो न बोलावो, मी येणार. तुझ्या नवऱ्याला आवडो न आवडो, त्याच्या आईला सुचो न सुचो, मी बॅग घेऊन येणार, महिना-महिना राहणार, आणि जेवायला मागून घेणार. दोनदा वाढ म्हणून सांगणार."

ती हसायला लागली. "ओके, ममा. रिलॅक्स."

"रिलॅक्स नाही," मी म्हटलं. "हो म्हण."

"हो."

सासूबाई ऐकत होत्या. ऐकू देत. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते.